उरलेला शर्ट कुणाचा? सोलापुरातल्या गणवेशाच्या एका हंगामाचा प्रकरण अभ्यास

जुलैचा पहिला आठवडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २४ आणि २६ नंबरच्या हिरव्या चेक्सच्या शर्टांचे गठ्ठे छताला टेकलेत. त्याच दिवशी नवी पेठेतल्या दुकानातून, त्याच शाळेचे आणि त्याच चेक्सचे ३२ व ३४ नंबर नाहीत म्हणून पालक हात हलवत परत चाललेत. कापड तेच, शिलाई तीच, शाळाही तीच. माल उरला आणि पुरलाही नाही. गणवेशाच्या धंद्यात हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्याला नुकसान म्हणत नाही, ‘सीझनमध्ये असं होतंच’ म्हणून वही मिटतात. माझ्या मते यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं, तेही नवं मशीन किंवा महागडं सॉफ्टवेअर न घेता. कसं, ते दाखवण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

यातला कारखानदार, दुकानदार आणि शाळा म्हणजे कुणी एक खरी मंडळी नव्हेत. सोलापुरात हा व्यवहार ज्या रीतीनं चालतो ती रीत एका प्रकरणात बांधली आहे. नगांचे आणि रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

बाहेरच्यांना सोलापूर चादरीमुळे आणि टॉवेलमुळे माहीत असतं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांनाही बरे-वाईट दिवस आले, पण शिलाईचा धंदा इथे वाढत राहिला आणि त्यात शाळेच्या गणवेशानं मोठी जागा घेतली. कापड बाहेरून येतं: पँटचं बरंचसं भिलवाड्याहून, शर्टिंग भिवंडी-इचलकरंजीकडून. कटिंग कारखान्यात होतं. शिलाई काही कारखान्यात आणि बरीचशी पूर्व भागातल्या, विडी घरकुलातल्या बायकांकडे पीसवर जाते. एके काळी ज्या घरांत फक्त विड्या वळल्या जायच्या, त्यांतल्या कित्येक घरांत आता शिलाई मशीन आहे. तयार माल महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगण, आंध्रात जातो.

हंगाम मात्र अतिशय आखूड. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. कर्नाटकात मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला घंटा वाजते, तेलंगण-आंध्रात साधारण १२ जूनला, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला आणि विदर्भात उन्हामुळे जूनअखेर. वर्षाची विक्री दीड-दोन महिन्यांत उरकते. त्या दीड-दोन महिन्यांसाठी कापड मात्र गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, म्हणजे जानेवारीत बुक करावं लागतं. जूनमध्ये कोण काय मागणार हे जानेवारीत ठरवायचं, हीच या धंद्याची खरी अडचण.

आपल्या प्रकरणातली शाळा शहरातली, पहिली ते दहावीची, साधारण हजार मुलांची. गणवेश दोन दुकानांत मिळतो, त्यातल्या एका दुकानाचे मालक म्हणजे शेठ. शर्ट शिवणारे कारखानदार पूर्व भागातले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

जुनी पद्धत अशी. शेठ जानेवारीत मागच्या वर्षीचं बिलबुक उघडायचे, त्यात थोडी वाढ धरायचे आणि अण्णांना तोंडी आकडा सांगायचे. दुसरा दुकानदारही तेच करायचा. आपलं गिऱ्हाईक वाढणार असं दोघांनाही वाटायचं, त्यामुळे हजार-बाराशे शर्ट खपणाऱ्या शाळेसाठी दोघांची मिळून त्याहून कितीतरी जास्त मागणी यायची. मे महिन्यात माल अडकतो हा अनुभव गाठीशी असल्यामुळे शेठ तीच मागणी आणखी एका कारखान्याकडेही टाकून ठेवायचे. ज्याचा माल आधी येईल त्याचा घ्यायचा, दुसऱ्याला ‘आता नको’ म्हणायचं. अण्णांना हे ठाऊक होतं. म्हणून ते आलेल्या आकड्यातून स्वतःच्या अंदाजानं काही वजा करायचे, मग तुटीचं आणि फॉल्टच्या कापडाचं थोडं वाढवायचे. एवढं करून कापडवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, ही चेक्स खास विणून घ्यायची तर दोन हजार मीटरच्या खाली परवडत नाही. शाळेत हजार मुलं बसलेली, आणि या साखळीतल्या एकाही माणसाच्या वहीत हजार हा आकडा नाही.

मागणी मुळात फारशी हलत नसताना साखळीत मागे जावं तसे ऑर्डरचे झोके वाढत जातात, हे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलं होतं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आपल्या लंगोटांच्या बाबतीत हाच अनुभव आला: बाळं रोज ठरावीकच लंगोट वापरत होती, दुकानातली विक्री स्थिर होती, तरी वितरकांच्या ऑर्डरी भलत्याच वर-खाली होत होत्या. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी याची चार कारणं सांगितली. खऱ्या विक्रीऐवजी आलेल्या ऑर्डरवरून अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम टाकणं, भावातल्या चढ-उतारामुळे आगाऊ खरेदी करणं आणि टंचाईच्या भीतीनं मुद्दाम जास्त मागणं. शेठ आणि अण्णांच्या व्यवहारात यातली किमान तीन स्पष्ट दिसतात. शेवटचं सगळ्यात घातक, कारण त्यात माणूस चुकत नसतो, जाणूनबुजून खोटा आकडा सांगत असतो.

आता शाळेकडे वळू. अंदाजासाठी लागणारी माहिती होती कुठे? बरीचशी शाळेच्या कार्यालयात, कपाटातल्या रजिस्टरमध्ये. यंदा चौथीत किती मुलं आहेत हे जानेवारीत माहीत असतं, आणि थोडीफार गळती सोडली तर तीच मुलं जूनमध्ये पाचवीत बसतात. पहिली, पाचवी आणि आठवीत बाहेरून येणाऱ्यांची संख्या तेवढी अनिश्चित, तीही एप्रिलअखेर बरीच स्पष्ट होते. आठवीपासून हाफ पँट जाऊन फुल पँट येणार, हेही शाळेलाच माहीत. पुढच्या वर्षी चेक्स बदलायची चर्चा संस्थेच्या बैठकीत झाली असेल तर तेही. यातलं काहीही गुपित नव्हतं. फक्त ते मागायला कुणी आलं नव्हतं.

पण म्हणून शाळेच्या रजिस्टरवरून थेट कटिंग करता येईल असं समजू नका. या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथेच आहे. समजा खेळाच्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या छातीचं माप घेतलं आणि पाचवीतल्या चाळीस मुलांचं माप २८ नंबरचं निघालं. त्या चाळिसांसाठी २८ नंबरचे चाळीस शर्ट शिवले तर निम्मे उरतील. कारण काउंटरवर आई मुलाच्या खांद्याला शर्ट लावून बघते आणि म्हणते, ‘वाढत्या अंगाचं द्या.’ पाचवीतलं पोर सरळ ३०, कधी ३२ नेतं. नववीत उलटं. तिथे मुलंच ढगळ शर्ट नको म्हणतात, अंगाबरोबर मागतात. दहावीत तर नवा शर्ट घेणारेच कमी, कारण आता वर्षभराचाच प्रश्न. थोरल्या भावाचा उतरलेला शर्ट घालणारी मुलं कुठल्या वस्तीतून जास्त येतात, तेही शेठच्या काउंटरवरच्या पोरांना तोंडपाठ. हे ज्ञान शाळेच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. ते दुकानाच्या नंबरवार बिलांमध्ये आहे, आणि तिथेही ते कुणी एकत्र करून पाहिलेलं नव्हतं.

कटिंग मास्तरांकडे तिसरं ज्ञान. कापड एकदा थरावर थर पसरून कापलं की नंबर बदलता येत नाही. मोठ्या नंबरचा शर्ट चार बोटं कमी करून लहान करता येतो, पण त्याला पुन्हा मजुरी पडते. २६ चा ३२ तर होतच नाही. म्हणून मास्तरांचा साधा आग्रह होता: जे नक्की आहे ते आधी कापू, जे नक्की नाही त्याचं कापड ठाणातच राहू द्या.

म्हणजे मुलं किती हे शाळेला, ती काय घेतील हे दुकानाला आणि कुठल्या तारखेपर्यंत निर्णय फिरवता येतो हे कारखान्याला माहीत. तिघांपैकी एकाचाही अंदाज एकट्यानं बरोबर येणं शक्य नव्हतं. सहयोगी नियोजनाची गरज यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

या पद्धतीला व्यवस्थापनाच्या भाषेत ‘सहयोगी नियोजन, अंदाज आणि भरपाई’ म्हणतात, बोलताना सीपीएफआर. भरपाई म्हणजे इथे संपलेला माल पुन्हा भरणं. १९९५ च्या सुमारास वॉलमार्ट आणि लिस्टरिन बनवणारी वॉर्नर-लॅम्बर्ट या दोन कंपन्यांनी आपापले अंदाज एकमेकांसमोर ठेवून पाहिले. जिथे फरक मोठा, तिथे बोलून एकच आकडा ठरवायचा. या प्रयोगात दुकानातल्या फळीवर माल हजर असण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर गेलं आणि माल पोहोचायला लागणारा वेळ २१ दिवसांवरून ११ दिवसांवर आला, असे आकडे या विषयावरच्या लेखनात नेहमी दिले जातात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांच्या व्हीआयसीएस या संघटनेनं त्याची नऊ पायऱ्यांची मार्गदर्शिका काढली. सोलापुरातल्या कारखानदारासमोर त्या नऊ पायऱ्या मांडल्या तर तो चहा पाजून निरोप देईल. त्यातल्या दोन गोष्टी मात्र लाखमोलाच्या आहेत. पहिली, अंदाज सुरू करण्याआधी आपसातला करार लेखी करायचा. दुसरी, प्रत्येक आकड्यावर चर्चा न करता फक्त ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या फरकावर बोलायचं.

पहिली गोष्ट आधी का, ते आपल्या प्रकरणातल्या पहिल्या बैठकीत कळलं. शाळेच्या पर्यवेक्षिका बाई, शेठ, अण्णा आणि मास्तर शाळेच्या कार्यालयात बसले. बाईंनी वर्गवार संख्या काढून ठेवली होती. सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच शेठनी आपला आकडा सांगितला: पंधराशे.

“शेठ, हजार मुलांच्या शाळेला पंधराशे?” अण्णांनी विचारलं.

“कमी सांगितला आणि कमी पडला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, अण्णा. उरला तर तुम्ही परत घेताच की.”

“म्हणूनच तुमचा आकडा आला की मी मनातल्या मनात चारशे वजा करतो.”

दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही आपापल्या जागी शहाणे होते. मुलांची यादी समोर पडलेली असूनही आकडा जुळत नव्हता, कारण उरलेला शर्ट कुणाचा हे ठरलेलं नव्हतं. इथे थोडा हिशेब करू.

शर्ट तयार होऊन हातात यायला अण्णांना १८० रुपये पडतात. शेठना तो २४० ला जातो, पालकांना ३४० ला. उरला तर त्याला किंमत नाही, कारण चेक्स एकाच शाळेची आणि खिशावर बोधचिन्ह. फार तर ६० रुपये येतील. म्हणजे उरलेल्या प्रत्येक शर्टामागे १२० रुपयांचं नुकसान. कमी पडला तर अण्णांचे ६० आणि शेठचे १०० बुडाले.

हिशेब सोपा राहावा म्हणून दुसरं दुकान बाजूला ठेवू आणि खरी मागणी ९०० ते १५०० च्या दरम्यान कुठेही, सारख्याच शक्यतेनं, असू शकते असं धरू. अण्णा एकटे विचार करतात तेव्हा जास्तीचा एक शर्ट खपला तर ६० मिळणार, उरला तर १२० जाणार. खपण्याची शक्यता तीनात दोन असेल तरच तो शिवण्यात अर्थ. या हिशेबानं ते ११०० वर थांबतात. शेठना माल परत करायची मुभा आहे, म्हणजे उरण्याची झळ नाही, म्हणून ते १५०० मागतात. आणि दोघं एकाच खिशातून धंदा करत असते तर? जास्तीचा शर्ट खपला तर १६० चा नफा, उरला तर १२० चा तोटा. तेव्हा खपण्याची शक्यता सातात तीन असली तरी शिवणं परवडतं आणि योग्य आकडा येतो साधारण १२४०. अकराशे आणि पंधराशे, दोन्ही आकडे धंद्याला महाग पडणारे.

आता उरलेल्या शर्टाचं १२० रुपयांचं नुकसान दोघांनी नफ्याच्याच प्रमाणात वाटून घेतलं, म्हणजे ६० ला १०० या प्रमाणात, तर अण्णांच्या वाट्याला ४५ आणि शेठच्या वाट्याला ७५ येतात. गंमत बघा, अण्णा एकटे विचार करतात: ६० मिळतील की ४५ जातील? त्यांना सातात तीन शक्यता पुरते. शेठ एकटे विचार करतात: १०० मिळतील की ७५ जातील? त्यांनाही सातात तीनच पुरते. दोघांचा स्वार्थ एकाच आकड्यावर येऊन थांबतो. आता फुगवून सांगण्यात शेठचा फायदा नाही आणि मनातल्या मनात वजा करण्यात अण्णांचा नाही. विश्वास ठेवा, सहकार्य करा असं सांगून जे होत नव्हतं ते नुकसानीच्या वाटणीनं झालं.

यात शाळेच्या यादीचा वाटा किती? यादी आणि दुकानाची नंबरवार बिलं एकत्र केल्यावर मागणीची शक्यता ९००–१५०० ऐवजी ११००–१३०० इतकी आखडली असं धरू. अण्णा आपल्या मर्जीनं ११०० वर थांबत होते तेव्हा सरासरी १३३ शर्ट कमी पडत आणि ३३ उरत. दोन्ही मिळून बुडालेला नफा आणि तोटा साधारण २५ हजार ३०० रुपये. फक्त करार केला आणि माहिती जुनीच ठेवली, तर हा आकडा २० हजार ६०० वर येतो. फक्त माहिती आली आणि करार नाही केला, तर ८ हजार ४००. दोन्ही केलं तर ६ हजार ९००. तेव्हा उरणारे शर्ट पुन्हा साधारण ३३ च, पण कमी पडणारे १३३ वरून १८ वर.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, बहुतेक फायदा माहितीचाच आहे, कराराची उठाठेव कशाला? माझं उत्तर असं की करार नसेल तर माहिती खरी येत नाही. परत करायची मुभा असलेला दुकानदार नंबरवार बिलं दाखवेल कशाला? त्याचा फुगवलेला आकडा त्या बिलांनीच उघडा पडतो. कराराचा फायदा थेट रुपयांत थोडा दिसतो, पण माहितीचं कुलूप त्याच किल्लीनं उघडतं. आणि वरचा हिशेब एका शर्टाच्या एकूण नगांचा आहे. प्रत्यक्षात २२ पासून ४० पर्यंत दहा नंबर, त्यात मुलींचा वेगळा काट. प्रत्येक नंबरवर हीच चूक स्वतंत्र होते, म्हणूनच एकूण आकडा बरोबर येऊनही गठ्ठे २६ चे उरतात आणि पालक ३२ साठी परत जातात.

दुसऱ्या बैठकीत कागद झाला. एकाच पानाचा, पण त्यावर वाद बराच झाला. शाळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गवार मुलगे-मुली अशी फक्त संख्या देणार, नावं नाहीत. मुलांची नावं आणि मापं दुकानाच्या हाती जाण्याचं काहीच कारण नाही, आणि बाईंनी त्याबाबत धरलेला हट्ट अगदी योग्य होता. हीच संख्या शहरातल्या दोन्ही दुकानांना मिळणार, हाही त्यांचाच आग्रह. गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती पालकांवर होता कामा नये, आणि एकत्र नियोजनाच्या नावाखाली तीच मागच्या दारानं आली तर सगळं मुसळ केरात. शेठ मागच्या तीन हंगामांची नंबरवार विक्री मांडणार. या दोन्हींवरून एक तक्ता तयार होणार आणि तोच सगळ्यांचा आकडा.

निश्चित मुलांसाठीचा माल आधी कापायचा, साधारण सत्तर टक्के. उरलेलं कापड एप्रिलअखेर नव्या प्रवेशांचा आकडा येईपर्यंत ठाणातच ठेवायचं. खिशावरचं बोधचिन्ह सगळ्यात शेवटी लावायचं. पांढरा शर्ट आणि निळी पँट असलेल्या शाळांत तर याचा मोठा उपयोग, कारण बोधचिन्ह लागेपर्यंत तो माल कुठल्याही शाळेचा असतो. सोलापुरात उरला तर विदर्भातल्या जूनअखेरच्या हंगामाला पाठवता येतो. चेक्स बदलायची असेल तर शाळेनं एक पूर्ण हंगाम आधी सांगायचं. उरलेला माल ३१ जुलैला दुकानात आणि कारखान्यात दोन्हीकडे मोजायचा, वाटणी ४५-७५. आणि पैसे ४५ दिवसांत. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. दिवाळीपर्यंत उधारी चालवायची सवय लागलेल्या बाजारात हे कलम कागदावर येणं अण्णांसाठी बाकी सगळ्या कलमांइतकंच महत्त्वाचं होतं. पैसे अडकलेला कारखानदार पुढच्या जानेवारीत कापड वेळेवर उचलू शकत नाही, मग अंदाज कितीही बरोबर असो.

हंगामात फोन करायचा नियम साधा ठेवला. कुठल्याही नंबरची मागणी तक्त्यापेक्षा दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे झाली तरच बोलायचं, एरवी कुणी कुणाला फोन करायचा नाही. एप्रिलमध्ये एकदाच गरज पडली. पाचवीला एक तुकडी वाढली. जुन्या रीतीत ही बातमी शेठना जूनमध्ये काउंटरवर कळली असती आणि अण्णांना त्याहून आठ दिवसांनी. आता बाईंनी त्याच दिवशी कळवलं, मास्तरांनी ठाणातलं कापड ३० आणि ३२ मध्ये वळवलं. पुढे मे महिन्यात कापडवाल्याचा एक लॉट रंगात फरक पडल्यामुळे परत पाठवावा लागला. त्यावर या नियोजनात काही उपाय नव्हता, आठ-दहा दिवस गेलेच. पण कुठले नंबर थांबलेत हे दुकानाला माहीत असल्यामुळे पालकांना खरी तारीख सांगता आली.

या सगळ्याचा परिणाम मशीनवर बसणाऱ्या बाईपर्यंत जातो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पीसवर काम करणाऱ्या बायकांना जानेवारी-फेब्रुवारीत हाताला काम नसतं आणि मे महिन्यात, सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना, घरी पत्र्याखाली रात्री बारापर्यंत मशीन चालवावी लागते. घाईत काज-बटण चुकतं, बाही वाकडी बसते, पीस परत येतो, आणि तो उसवून पुन्हा शिवण्याची मजुरी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. निश्चित सत्तर टक्के माल फेब्रुवारीपासून घरोघरी गेला तर तीच मजुरी चार महिन्यांत पसरते. साठ्याचा खर्च किती वाचला हे सगळे मोजतात. मे महिन्यातल्या रात्री किती वाचल्या हेही मोजायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अंदाज आणि मापं जिथली तिथे न ठेवता दुरून ठरवली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं आहे. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारनं सरकारी शाळांसाठी मध्यवर्ती खरेदीतून एकच गणवेश देण्याचं ठरवलं, शिलाईचं काम महिला बचत गटांकडे दिलं. कित्येक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण मुलाचं माप ज्या वर्गात घेतलं जातं तिथून निर्णयाचं टेबल जितकं लांब, तितका अंदाज ढिला, हे पाहण्यासाठी याहून मोठं उदाहरण शोधायला नको.

प्रकरणातल्या दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. कापडवाला या टेबलावर आलाच नाही. त्याच्या दृष्टीनं एका शाळेची चेक्स म्हणजे किरकोळ काम, आणि किमान मीटरची अट तो सोडायला तयार नव्हता. त्यावर अण्णांनी काढलेला मार्ग म्हणजे त्याच चेक्सचं उरलेलं कापड पुढच्या हंगामासाठी गोदामात ठेवणं. चेक्स बदलायची पूर्वसूचना देण्याचं कलम नसतं तर ही जोखीम त्यांनी घेतलीच नसती. खरा उपाय चार-पाच कारखानदारांनी मिळून कापड बुक करण्याचा आहे, पण त्यासाठी आपल्याकडे कुठल्या शाळा आहेत हे एकमेकांना सांगावं लागेल, आणि ते अजून कुणाच्या पचनी पडत नाही.

दुसरी गोष्ट दुसऱ्या दुकानदाराची. त्याला शाळेनं तीच संख्या दिली होती, पण आपली नंबरवार बिलं दाखवायला तो तयार झाला नाही. शेठच्या कारखानदाराला माझा धंदा का दाखवू, असा त्याचा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. त्याच्या वाट्याचा अंदाज त्यामुळे जुन्याच पद्धतीनं निघाला आणि ३१ जुलैच्या मोजणीत सगळ्यात जास्त उरलेला माल त्याच्याच दुकानातून परत आला. येत्या जानेवारीत त्याला पुन्हा बोलवायचं ठरलं आहे. या वेळी बिलं मागायची नाहीत. आधी उरलेल्या मालाच्या वाटणीचा कागद समोर ठेवायचा, सही झाली तर बिलं बाईंकडे बंद पाकिटात द्यायची आणि त्यांनी दोन्ही दुकानांची बेरीज करून फक्त एकत्र आकडा अण्णांना सांगायचा.